पिक्चरमधलं शिलाई मशीन

"अरे, पण झालं काय?"

पिक्चर संपून दिवे लागले की आमच्या शेजारच्या काकांचा हा प्रश्न ठरलेला. दोन्ही हात गुडघ्यांवर, मान माझ्याकडे. मुलुंडच्या आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये रविवारी संध्याकाळी प्रोजेक्टर मी लावायचो, त्यामुळे हिरो शेवटी का मेला याचा जाबही मलाच द्यावा लागे.

असा एखादा माणूस तुमच्याही ओळखीत असेल. आम्हाला वाटायचं, यांना पिक्चर कळत नाही. खरं कारण आईकडून समजलं. काकू तिसऱ्या मजल्यावर, गुडघे गेलेले, इमारतीला लिफ्ट नाही. काका हॉलमधून पिक्चर घेऊन वर जात आणि जेवताना त्यांना सांगत. गोष्ट पक्की हवी, नाहीतर काकू मध्येच अडवायच्या. शिवाय सांगताना पदरचा मसाला पडायचाच. काकूंकडे बसायला जाणाऱ्या बायकांना एका साध्या विनोदी पिक्चरमध्ये दोन खून झाल्याचं ठामपणे माहीत होतं.

एकदा मी हौसेने वेगळा पिक्चर लावला. नवरा, बायको आणि स्वयंपाकघर. दोन तास ती दोघं चहा पितात आणि बोलतात, बस्स. मला तो फार आवडतो. निम्मा हॉल मध्येच उठून घरी गेला. काका मात्र शेवटपर्यंत बसले, कोणीतरी येऊन दार ठोठावेल या आशेवर. वैतागले की त्यांची मालवणी बाहेर यायची. म्हणाले, "आता घराक जावन काय सांगू मी? दोघांनी च्या प्याली?"

पुढच्या आठवड्यात आई काकूंकडून आली ती त्या पिक्चरचं कौतुक करतच. त्यातला नवरा म्हणे बायकोला सांगतो, कंपनी बंद पडली तेव्हा तुझ्या शिलाई मशीनवर घर चाललं, मी मात्र तसं कधी बोललो नाही. मला तो पिक्चर जवळजवळ पाठ होता. त्यात कंपनी नव्हती आणि मशीनही नव्हतं. मशीन होतं ते काकूंच्या खिडकीपाशी, आणि विक्रोळीची कंपनी बंद पडली होती ती काकांची. "हो, छान आहे तो सीन," मी आईला म्हणालो.

मग इमारत रिडेव्हलपमेंटला गेली. घरं रिकामी करण्याआधीच्या शेवटच्या रविवारी काय लावू म्हणून विचारलं, तर काकूंचा निरोप आला, तो चहाचा लाव आणि मला खाली न्या. पाठोपाठ काका आले.

"दुसरा लाव ना रे. मारामारीचा. ह्यात काय बघण्यासारखं आहे?"

एवढे घाबरलेले काका मी कधी पाहिले नव्हते. पण काकूंचा शब्द मोडायची माझी टाप नव्हती.

आम्ही चौघांनी काकूंना प्लास्टिकच्या खुर्चीत बसवून खाली आणलं. त्या दोन तास हलल्या नाहीत. काका पडद्याकडे कमी आणि त्यांच्याकडेच जास्त बघत होते.

दिवे लागले. काकांनी काही विचारलं नाही. विचारलं ते काकूंनी, "त्यात मशीन कुठे होतं हो?"

काका पडद्याकडेच बघत राहिले. "सेन्सॉरने कापलं असेल."

"असेल," काकू म्हणाल्या. "मग तेवढं तुम्हीच सांगा परत."

आता तिथे पत्र्याचं कुंपण आहे आणि काका-काकू लेकीकडे बोरिवलीला असतात. माझ्या डोळ्यांसमोर मात्र त्या रात्री काकूंना परत वर नेतानाचा जिना येतो. पुढे आम्ही उचललेली खुर्ची, मागे काका, हातात काकूंच्या चपला. दुसऱ्या मजल्यावर त्यांनी घसा खाकरला आणि सुरुवात केली, "तर झालं काय..."