गंगेचा खालचा सूर

आजारातून उठल्यावर मी महादेवाशी बोलणंच सोडलं होतं. दिवा रोज लावायचे, पण तोंड फिरवून. न्यूमोनियानं माझा दम नेला होता. घरचा जिना चढताना मध्येच बसावं लागायचं. डॉक्टर म्हणाले, जीव वाचला हेच खूप समजा. समजायचं कसं? माझा आवाज बाईमाणसाच्या मानानं जाड, दिसायला-बोलायला मी बेताचीच. पण एका दमात लांबच लांब सूर ओढायचे, त्याचाच काय तो तोरा होता. देवानं नेमकं तेच उचलून न्यावं, याचा मला फार राग आला होता.

जुन्या जालन्यात आमच्या गल्लीतल्या बायकांचं भजनी मंडळ आहे. शेजारची नमिता शाळेत संगीत शिकवते. तिनं आमच्याकडून एक वेगळंच वृंदगान बसवून घेतलं, गंगेचं. आम्ही काठची माणसं गोदावरीला गंगाच म्हणतो. माझं माहेर घनसावंगीकडचं, अगदी काठावरचं. वाळू उपसून उपसून तिथं आता पात्रात खड्डेच उरलेत. नमिताच्या गाण्यात शब्द कमीच. कुणी पाणी व्हायचं, कुणी टिटवी, कुणी लव्हाळ्यातला वारा. मग एकेक आवाज गळत जातो, जसं एकेक नाहीसं झालं तसं. शेवटी उरतो फक्त खालचा सूर, वाळूखालच्या पाण्याचा. तो माझा होता. तो लांबत लांबत हळूच विझला की गाणं संपणार. मध्येच तुटला तर सगळंच मुसळ केरात.

आजारानंतर तो तुटायलाच लागला. नमिता म्हणाली, "काकू, मंडळातल्या कमलमावशींना तुमच्या शेजारी उभं करू. तुम्ही श्वास घ्याल तेव्हा त्या सूर धरतील."

"मला उसना दम नको," मी फटकारलं. "जमलं तर गाईन, न्हाई तर घरी बसेन."

सुंभ जळाला तरी पीळ जात नाही, त्यातली मी.

कार्यक्रम नेमका माझ्या माहेरी ठरला, काठावरच्या महादेवाच्या पायऱ्यांवर. सगळ्याजणी जीपनं गेलो. उतरल्यावर आधी देवळात गेले आणि इतक्या दिवसांनी पिंडीसमोर तोंड उघडलं. म्हटलं, "एवढ्या एका सुरापुरता दम दे. मंग पुन्हा काही मागणार न्हाई." आणि डोळे पुसून बाहेर आले.

दिवस कलल्यावर गाणं सुरू झालं. गाव जमला होता, लहानपणीच्या मैत्रिणी खाली बसल्या होत्या. टिटवी थांबली, वारा थांबला, पाणी थांबलं. मी एकटी उरले. समोर ते उघडंबोडकं पात्र. थोडा सूर लागला आणि छाती आवळली. ओढलं, अजून ओढलं, आणि संपलं. तोंड मिटलं, डोळेही मिटले. हरून मनात महादेवाला म्हटलं, घे बाबा, तुझं तू बघ.

सूर चालूच होता.

आधी भास वाटला. डोळे उघडले तर पायरीच्या टोकाला एक धनगराची म्हातारी बसलेली, मेंढरं खाली पात्रात सोडून. तिनं माझाच सूर धरला होता, घोगरा, पण सरळ. माझ्याकडे बघून मान हलवत होती, जणू म्हणत होती, घे, श्वास घे. मी घेतला. पुन्हा सूर लावला तशी ती थांबली. माझा दम सरला, तिनं धरला. मग कमलमावशीनं धरला, मग खाली बसलेल्या बायकांनी, मग गड्यांनीही. गाणं थांबवायला वर गेलेला नमिताचा हात तसाच वर राहिला. पोरगी रडत होती. नदी संपते असं तिनं रचलं होतं, आणि इथं गाणं संपायचं नाव घेईना.

सगळं निवल्यावर मी म्हातारीजवळ गेले. "आजी, तुमाला हे गाणं ठावं होतं का?"

"न्हाई बाई. म्या तं खड्ड्यावर मेंढरं पाजाया आल्ते. तू थांबलीस, म्हणून धरलं. आमच्यात रातभर ओव्या चालतेत. म्होरच्याचा दम सरला की मागचा झील धरतो. एकल्यानं कुठं गाणं होतंय व्हय?" असं म्हणून काठी टेकत उठली. "निघते जल्दी, मेंढरं पांगली."

तिचं नावही विचारायचं राहिलं. कुणी म्हणेल, योगायोग. म्हणू देत, मी कशाला वाद घालू? मी दम मागितला होता, तो काही मिळाला नाही. आजही जिन्यात बसते. गंगेतले खड्डेही तसेच आहेत. पण गाताना कमलमावशी माझ्या शेजारी असते, आणि श्वास संपत आला की आता भीती वाटत नाही. त्या दिवशी ज्यानं ती म्हातारी त्या पायरीवर आणून बसवली, त्याचे उपकार मी कशानं फेडू? हरून म्हटलेलं ते "तुझं तू बघ" आता रोज दिवा लावताना म्हणते. तोंड न फिरवता.