पिठावरची रेघ

हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. भावालाही नाही — आणि त्याला तरी सांगायला हवं होतं, हे मला चांगलं ठाऊक आहे.

मी टाक-शाईची चित्रं काढते. मृत्यू म्हटलं की बाकीचे कवटी काढतात, विझलेली मेणबत्ती काढतात. माझ्या चित्रांत एक नागमोडी रेघ असते. प्रदर्शनात लोक तिच्यात काय काय बघतात! अर्थ विचारला की मी हसून टाळते. अर्थ कसला? ती माझी लबाडी आहे.

आमच्या सौंदडच्या घरात माणूस गेला की त्या जागी तांदळाचं पीठ पसरून वर टोपली झाकतात. सकाळी पिठात जे पाऊल दिसेल, त्या जन्माला तो गेला. बाबूजी गेले तेव्हा वहिनीला सातवा महिना होता. मायला बाळाचं पाऊल हवं होतं, दुसरं काही नको होतं.

आणि मला? माझ्या चित्रांच्या सगळ्या वह्या याच बाबूजींनी चुलीत घातल्या होत्या. आता ते नातू होऊन येणार, मांडीवर लाडात वाढणार — का म्हणून? पहाटे सगळ्यांच्या आधी उठले, टोपली उचलली. पीठ कोरं होतं. बोटाने एक रेघ ओढली, वळणावळणाची. साप. टोपली पुन्हा होती तशी झाकून ठेवली.

सकाळी मायने टोपली उचलली आणि पिठात साप पाहिला. एवढ्यावर भागलं असतं तर मी हे लिहिलंच नसतं. दुपारी तिने मला एकटीला परसात नेलं. म्हणाली, "तू चितर काढतेस, तुले समजते. लेकराचं बोट घासलं असन का वो ते?"

केवढंसं मागत होती! हो म्हणायला माझं काय जात होतं? मी विचार केल्यासारखं केलं. म्हणाले, "नाही माय. सापच होय."

नातू झाला. पण माय मरेपर्यंत मागच्या भिंतीशी वाटीत दूध ठेवत राहिली.

बाबूजींना साप केल्याचं मला आजही वाईट वाटत नाही. पुन्हा करीन. पण मायला दिलेलं उत्तर — ते बाबूजींवरच्या रागातून आलेलं नव्हतं. रेघ झकास उतरली होती. तिला कुणी दुसरं काही म्हटलेलं मला खपलं नसतं.