पुलाखालचा विसावा

नवीन पनवेलच्या स्टेशनबाहेर शेअर रिक्षात बसलं की मी सांगते, "पुलाखाली." रिक्षावाला मान हलवतो आणि बरोबर तिथेच उतरवतो. तिथे पूल नाही. कधी नव्हताच. एकदा समोरच्या नव्या टॉवरमधली एक बाई शेजारी बसली होती. तिने उतरताना चारी बाजूंना पाहिलं आणि विचारलं, "पूल कुठंय?" रिक्षावाला सुटे पैसे शोधत म्हणाला, "होणार आहे." बाजारात तुरी म्हणतात ते हेच. आमच्या स्टॉपला पुलाचं नाव पडून इतकी वर्षं झाली की, त्याआधी काय म्हणायचो ते आता कुणाला आठवत नाही.

मी लग्न होऊन ठाण्याहून या गावात आले तेव्हा इथे रेल्वेचं फाटक होतं. इकडे गाव, पलीकडे मिठागरं, गावदेवी आणि चिंचेखालचं स्मशान. फाटक तासन् तास बंद असायचं, लोक दोन्ही बाजूंना शिव्या घालत उभे राहायचे, पण शेवटी ते उघडायचं. मग पूल मंजूर झाल्याचा फलक लागला. फाटकाच्या अलीकडे एक पांढरा रंगवलेला दगड पुरला, त्यावर तांबड्या रंगाने बाण आणि काही अक्षरं काढली. पुलाची मधली रेघ इथून जाणार, असं मोजणीवाल्याने सांगितलं. पूल येतोय म्हणून फाटक काढलं आणि रुळांच्या कडेने भिंत बांधली. भिंत मात्र वेळेच्या आधी पुरी झाली.

पूल का झाला नाही ते मला आता पाढ्यांसारखं पाठ आहे, कारण माझा नवरा गावातल्या चार जणांबरोबर दर थोड्या दिवसांनी कचेऱ्यांमध्ये जायचा आणि घरी येऊन ते मला ऐकवायचा. रुळांवरचा तुकडा रेल्वेने बांधायचा, दोन्हीकडचे चढ सरकारने. रेल्वे म्हणे तुमचे चढ कुठंयत, सरकार म्हणे तुमचा तुकडा कुठंय. रुसलेल्या दोन विहिणी. त्यांची समजूत पटली तोच एकावर एक डबे ठेवलेल्या मालगाड्या येणार असं ठरलं आणि पूल आणखी उंच करावा लागला. उंच केला तर चढ लांबले, लांबलेला चढ विजेच्या टॉवरला जाऊन भिडला. टॉवर हलवायचा कुणी, यात काही वर्षं गेली. मधल्या काळात पायी जाणाऱ्यांसाठी भुयारी मार्ग खणला, त्यात खाडीचं पाणी भरलं आणि बेडूक राहायला आले. नकटीच्या लग्नाला सतराशे विघ्नं असतात, पण तिचं निदान शेवटी लग्न तरी होतं.

फाटक गेल्यावर आमच्या घरातलं पहिलं माणूस गेलं ते माझ्या सासूबाई.

इथे रीत अशी की, माणसाला खांद्यावरून नेताना अर्ध्या वाटेवर एकदा खाली टेकवायचं. त्या जागेला विसावा म्हणतात. तिथे एक दगड असतो. तिरडी ठेवायची, हळदकुंकू आणि लाह्या वाहायच्या, डोकं आणि पाय यांची दिशा फिरवायची, म्हणजे त्या माणसाचं तोंड घराकडून पुढच्या वाटेकडे होतं. मग खांदे बदलून उचलायचं. बायका तिथून मागे फिरतात. गावाचा जुना विसावा रुळांपलीकडे होता. सासूबाईंना घेऊन माणसं भिंतीपर्यंत आली आणि थबकली. पुढे जायला वाट नव्हती, शववाहिनी बोलावलेली होती. ती नवीन पनवेलमधून हायवेला जाऊन, तिथल्या मोठ्या पुलावरून वळसा घालून, खाडीच्या रस्त्याने समोरच दिसणाऱ्या चिंचेखाली पोचणार होती. पण विसावा घेतल्याशिवाय बाईला गाडीत कसं घालायचं?

तेव्हा माझ्या सासऱ्यांनी काठी उचलून मोजणीचा पांढरा दगड दाखवला. म्हणाले, "हितंच ठेवा." त्यांनी स्वतः त्यावर कुंकू वाहिलं. तांबडी अक्षरं कुंकवाखाली गेली. त्या दिवसापासून गावाचा तोच विसावा झाला आणि जो जाईल त्याला तिथे टेकवायला लागले.

दहाव्या दिवशी कावळा शिवायला दुपार उलटली. सासऱ्यांनी त्याचा अर्थ लावून टाकला. संध्याकाळी ओटीवर बसून मला म्हणाले, "ती आजून दगडावर बसलीय, बाय. तोंड फिरवला तिचा, पन पुढची वाट दावली नाय."

मी शाळेत विज्ञान शिकवते. असल्या गोष्टींवर माझं तोंड गप्प बसत नाही. पण त्या दिवशी बसलं, कारण ते रडत होते.

"मी मेलो का मना त्या गाडीन घालू नका," ते म्हणाले. "पुलावरशी न्या. जाताना तिला संगाती घेन."

त्यानंतर त्यांचं दुसरं काही मागणं उरलं नाही. मी शाळेतून आले की विचारायचे, "पूल झाला का गो?" मी म्हणायची, "अजून नाही, बाबा." ते म्हणायचे, "मंग थांबतो." आणि खरंच थांबले. दोनदा डॉक्टरांनी आम्हाला बाजूला घेऊन मनाची तयारी करायला सांगितली, आणि दोन्ही वेळा म्हातारा उठून ओटीवर येऊन बसला. नवरा कचेरीत जाऊन भांडायचा तो गावासाठी नव्हे, बापासाठी. हे कचेरीतल्या कुणाला ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी काय उपयोग होता?

पुलासाठी म्हणून गावातून एक पट्टा मोकळा ठेवला होता. तो आमच्या ओटीसमोरून भिंतीकडे जातो. त्यावर कुणी घर बांधलं नाही, झाड लावलं नाही, मांडवसुद्धा घातला नाही. तिथली कुत्री मी पहिल्यांदा नीट पाहिली ती मे महिन्यात. झाडांखालची सावली सोडून ती पट्ट्यात मधोमध उन्हात झोपली होती, एका रांगेत, अंग सैल सोडून. मी तिथून चालत गेले तेव्हा अंगावर गार वाटलं. दोन पावलं बाजूला सरकले तर ऊन चटकन भाजलं. परत आत आले, पुन्हा गार. मी वर पाहिलं. आभाळ होतं, लख्ख. भिंतीमुळे वारा इकडे वळत असेल, असं मी स्वतःला समजावलं आणि त्यानंतर घरी यायला लांबची गल्ली धरली.

पुन्हा मोजणी करायला माणसं आली ती आणखी काही वर्षांनी. त्यांना मधल्या रेघेचा दगड हवा होता. दगडावर कुंकवाचा जाड थर, बुक्का, सुकलेला झेंडू, भोवती लाह्या. एकाने त्यावर मोजणीच्या दुर्बिणीची तिपाई मांडली. हा विसावा आहे असं कुणीतरी सांगितल्यावर त्याने पटकन तिपाई उचलली, हात पँटला पुसले आणि दगडाला नमस्कार केला. दगडाला हात लावायला त्यांच्यातला कुणी तयार होईना. त्यांनी शेवटी दुसऱ्याच खांबावरून मोजलं आणि नकाशा जुन्याशी जुळेना. आणखी एक विघ्न, आणि या वेळचं आमच्या घरचं.

मग एका संध्याकाळी मी शाळेतून आले आणि सासऱ्यांनी काहीच विचारलं नाही. दुसऱ्या दिवशीही नाही. मला त्याचीच भीती वाटली. मीच म्हटलं, "पूल अजून नाही झाला, बाबा."

ते भिंतीकडे बघत होते. भिंतीकडे नव्हे, भिंतीच्या बऱ्याच वर. त्यांची नजर डावीकडून उजवीकडे सावकाश सरकत होती, रस्त्यावरून चाललेल्या माणसाबरोबर सरकते तशी.

"तुमचा नसल झाला," ते म्हणाले.

"कोण आहे तिकडे?"

"लोका चाललीत." मग थोड्या वेळाने, अगदी घरगुती आवाजात, "ती नाय जात. माजी वाट बघतेय."

मी आत जाऊन दिवे लावले. सगळ्या खोल्यांमधले.

दिवाळी झाल्यावर एका सकाळी ते गेले. दुपारी त्यांना दगडावर टेकवलं. कुंकू झालं, लाह्या झाल्या, दिशा फिरवली. माझा नवरा त्यांच्या पायांवर डोकं ठेवून मोठ्याने रडला. "बाबा, नाय झाला ओ पूल," एवढंच तो पुन्हा पुन्हा बोलत होता. एरवी घरात तो माझ्याशी शहरी बोलतो. त्याला तसं पाहून मला त्या दोन्ही विहिणींचा, रेल्वेचा आणि सरकारचा, भयंकर संताप आला. मध्यंतरी लोकांनी भिंतीला पाडलेल्या फटीतून खांद्यावर नेऊ, असं कुणी म्हणालं, पण रुळांवर मालगाड्यांची रांग लागली होती. शेवटी त्यांना गाडीतच घातलं. गाडी हायवेकडे गेली आणि बायका मागे वळल्या. मागे वळल्यावर दगडाकडे बघायचं नसतं. माझा मात्र पायच निघेना. मी एकटी तिथेच उभी राहिले.

आधी काठी ऐकू आली. टक, मग पाऊल, मग टक. त्यांची काठी घरी ओटीच्या कोपऱ्यात होती, मी सकाळीच उचलून ठेवलेली. आवाज माझ्या डोक्यावरून येत होता, खाली पोकळी असलेल्या सिमेंटवरून येतो तसा. तो दगडाच्या वर येऊन थांबला. मग निघाला तेव्हा त्याच्याबरोबर चपलेचा आवाज होता, एक पाय जरा ओढत टाकलेला. सासूबाईंचा डावा गुडघा कायम दुखायचा. पट्ट्यातली कुत्री उठून बसली होती आणि सगळ्यांची तोंडं वर होती. त्यांच्या माना हळूहळू रुळांकडे वळत गेल्या, भिंतीपलीकडे गेल्या आणि तिथेच राहिल्या. कुणी भुंकलं नाही. मला थंडी वाजत होती आणि तरीही, खरं सांगते, इतकं बरं मला या गावात आल्यापासून कधी वाटलं नव्हतं.

घरी येऊन आंघोळीसाठी केस सोडले तर त्यांतून लाह्या पडल्या. माझ्यावर लाह्या कुणी उधळल्या नव्हत्या.

नवरा रात्री उशिरा आला. गाडी हायवेच्या कोंडीत अडकून पडली होती. मी त्याला काही बोलले नाही. दहाव्याला पिंड ठेवला आणि लोक मागे सरकायच्या आतच कावळा शिवला. तेव्हा सांगितलं. त्याने विचारलं, "दोघं होते ना?" मी हो म्हटलं. त्यानंतर तो कचेरीत गेला नाही.

गेल्या आठवड्यात एक तरुण इंजिनिअर दोन मजूर आणि पहार घेऊन आला. मी शाळेतून येत होते. मजूर दगडापासून चार हात लांब उभे होते आणि तो त्यांच्यावर वैतागत होता. मला पाहून जरा नरमला.

"काकू, इथला पूल कॅन्सल झालाय," तो म्हणाला. "नवीन पूल तिकडे, त्या नव्या बिल्डिंगांच्या टॉवरच्या बाजूला होणार. जुन्या खुणा राहिल्या की नंतर गोंधळ होतो, म्हणून दगड काढतोय."

तो बोलत होता आणि त्याच्या पायाशी एक कुत्रं भर उन्हात गाढ झोपलं होतं.

"तुमचा झाला असेल कॅन्सल," मी म्हटलं. "आमची माणसं गेलीत त्याच्यावरून."