घोंगडीवालीचा फोन

कॉलेजच्या ऑफिसच्या दारात आमची घोंगडी पडली व्हती. घडी घालून, उंबऱ्याला लागून. बाहेर पाऊस, आणि आत येणारा जो तो तिच्यावर बूट घासत व्हता. एका पोरानं तर टाचा वळवून वळवून घासले. मी फाइल छातीशी धरून तिथंच थबकले. वाटलं, दुसरी कुणाची असंल. मग काठाचा लाल दोरा दिसला. तो दोरा माझ्या आयेनं घातलेला.

आमी आण्याच्या पठारावरचे धनगर. थोडी शेती हाय, मेंढरंपण हायेत अजून. बारावीला मला चांगले मार्क पडले, म्हणून पुण्याच्या या कॉलेजात बी.एस्सी.ला अर्ज केला. पहिल्या यादीत नाव थोडक्यात हुकलं. उरलेल्या जागांचं आमी बघून ठरवू, असं ऑफिसनं सांगितलं. ठरवणारा माणूस एकच, प्रवेशाचं बघणारे साहेब. त्यांनी हो म्हणलं तर कॉलेज, होस्टेल. नाय म्हणलं तर घर, आणि घर म्हंजे दिवाळीनंतर लगीन. मामांनी स्थळ बघून ठेवलंच व्हतं.

पयल्यांदा साहेबांना भेटायला गेलो तेव्हा आबा, माझे वडील, म्हणले, कुणाच्या दारी रिकाम्या हातानं कसं जायचं? आयेनं घरच्या लोकरीचं सूत कातून सणगराकडनं घोंगडी विणून घेतली व्हती, माझ्या होस्टेलच्या थंडीसाठी. आबांनी तीच उचलली. आमच्यात घोंगडीला चप्पल लागू देत नाय. पावणं आलं की आधी ती अंथरायची. देव मांडायचा तोपण तिच्यावरच.

आबा फेटा सावरत आत गेले. दोन्ही हातांनी घोंगडी पुढं केली. साहेबांनी खुर्ची मागं सरकवली, नाकाला रुमाल लावला.

"काय हो, मेंढ्या बाहेर बांधून आलात ना?"

सगळं ऑफिस हसलं. आबापण हसले. चांगले दात दाखवून हसले. माझ्या अंगाची आग झाली. मला वाटलं, आबांना बिचाऱ्यांना कळलंच नाय. साहेबांनी पेनानं कोपरा दाखवला, ठेवा तिकडं म्हणले. समोर दोन खुर्च्या रिकाम्या व्हत्या, बसा कुणी म्हणलं नाय. कळवू, फोन करून विचारत जा, एवढं बोलून ते कागदात बघायला लागले. आबा पाठ न दाखवता मागं मागं सरकत बाहेर आले. देवळातनं येतात तसे.

मग फोन. आमच्या वस्तीवर रेंज नाय. टेकाडावर जायचं, वाऱ्याकडं पाठ करायची, तेव्हा कुठं लागतो. आधी मी वाक्य घोळून घ्यायचे, पुण्याच्या पोरींसारखं. माझ्या अर्जाचं काय झालं, सर? सगळं शुद्ध. पण तिकडं फोन उचलणारी बाई माझा आवाज ओळखायची आणि आत ओरडायची, "सर, घोंगडीवालीचा फोन."

माझं नाव नाय. माझे मार्क नाय. घोंगडीवाली. मागनं कुणीतरी खिदळायचं. कधी साहेब मीटिंगमध्ये, कधी जेवायला, कधी नुसतंच "अजून ठरलं नाही". आणि मी दर खेपेला थँक्यू मॅडम म्हणून टेकाड उतरायचे. खाली आये काय झालं म्हणून इचारायची. काय सांगणार, कपाळ?

शेवटी बाईनंच सांगितलं, मूळ कागद घेऊन या, साहेब उद्या तुमचं ठरवतील. पहाटेची जीप धरून आळेफाट्याला आले, तिथनं एसटीनं पुण्याला. एकटीच. आणि दारात हे.

साहेबांनी मला बघितलं. "ये ना आत. पाणी मस्त शोषते गं तुमची घोंगडी." कौतुक केल्यागत म्हणले.

मी वाकले. घोंगडी उचलली. पाण्यानं जड झाली व्हती, चिखल माझ्या ड्रेसवरनं ओघळला. पोरं बाजूला झाली. साहेबांचा आवाज लगेच बदलला.

"ठेव ती खाली. अ‍ॅडमिशन पाहिजे ना तुला?"

खरं सांगते, लई भ्या वाटलं. मामांचं स्थळ, टेकाड, ती बाई, सगळं एकदम आठवलं. पण हात काय घोंगडी सोडीनात.

"पायजे," मी म्हणले. "मार्कावर पायजे. घोंगडी माझ्या आयेची हाय, ती मी न्हेणार."

शुद्धबिद्ध पार विसरले. घोंगडी खांद्यावर टाकली, समोरची खुर्ची ओढली आणि बसले. कागद टेबलावर ठेवले. काय ठरलं ते सांगा, म्हणले. साहेबांनी कागद चाळल्यागत केलं आणि परत माझ्याकडं सरकवले. विचार करून कळवू म्हणले. मी म्हणले, फोन नाय करणार मी आता. येऊनच इचारणार.

घरी सांगितलं तर आबा मटकन खालीच बसले. "माझे बाय, घोंगडी दुसरी विणून घेतली असती. सायेब दुसरा कुठनं आणू?"

मला आबांचाच राग आला. म्हणले, आबा, तो माणूस तुमाला हसला व्हता. तुमाला कळलंपण नाय.

"कळलं व्हतं," आबा म्हणले. "तुझं काम व्हावं म्हणून हसलो."

आये गुमान उठली, दारातल्या दगडावर घोंगडी धुवायला बसली. लाल काठ तिनं दोनदा घासला. चिखल निघाला, डाग नाय निघाला. राहू दे, मी म्हणले. तो काढू नको.

राग जात नाय. त्या साहेबाचा जात नाय, त्या हशाचा जात नाय. माझा बाप, ज्याच्या एका हाकेवर अख्खा कळप वळतो, त्याला माझ्या शिक्षणापायी खुळ्यासारखं हसायला लावलं यांनी.

ठरलं काय ते अजून कळलं नाय. उद्या पहाटेच्या जीपनं परत चाललेय. हा साहेब बोलला नाय तर वरच्या साहेबाच्या दारात बसंन. इथं नायच झालं तर दुसऱ्या कॉलेजात जाईन, पण शिकणार. मामांनाही तसं सांगून टाकलंय. आबांना मात्र आता कुणाच्या टेबलापुढं हसू देणार नाय.

घोंगडी खांद्यावर असंल. ती बाई आत ओरडंल, घोंगडीवाली आली म्हणून. ओ देईन मी. खुर्चीत बसून देईन.