पोचे पाडणारी मेहुणी

माझ्या मेहुणीइतक्या शिस्तीनं दुसऱ्याचं घर उलटंपालटं करणारं माणूस चंद्रपूर-गडचिरोलीत दुसरं नसेल. ज्यांना दिसत नाही, चालता येत नाही, हात वर जात नाही, अशांची घरं त्यांच्या सोयीनं लावून द्यायची, हे तिचं काम. असं कुणी काम करतं, हे ती माझ्या दारात उभी राहीपर्यंत मला खरं वाटलं नव्हतं.

सुरुवातीला ती स्वतःच त्या माणसासारखी होते. कोरपन्याला चाकाच्या खुर्चीतल्या एका गुरुजींकडे ती दिवसभर पाटावर बसून सरकत फिरली आणि संध्याकाळी करवत मागून जेवणाच्या टेबलाचे पाय कापले. माझ्याकडे आली ती डोळ्यांना ओढणी बांधून. चहा पितानाही सोडली नाही. दोनदा माझ्यावर आदळली आणि वर मलाच म्हणाली, "भाऊजी, तुमी आपली एक जागा ठरवून घ्या."

माझ्या बायकोची नजर काचबिंदूनं गेली. हातावर गरम तेल सांडल्यापासून ती स्वयंपाकघरात पाऊल टाकत नव्हती. मी दुकानात, ती घरी एकटी. तिचा भाऊ तिला कायमची चिमूरला न्यायचं म्हणत होता, आणि ती नाही म्हणत नव्हती. म्हणून मेहुणीला बोलावलं. ब्रह्मपुरीत माझं भांड्यांचं दुकान आहे, डोक्यावर टोपली घेऊन गावोगाव फिरून उभं केलेलं. आपलाही हातभार म्हणून व्यापाऱ्याशी तासभर घासाघीस करून बारा डबे आणले. एकसारखे, आरशासारखे.

मेहुणीनं ते चाचपले. "सारेच सारखे. ताईनं मीठ कुठी शोधावं?" म्हणाली आणि हातोडी घेतली. मिठाला एक पोचा, साखरेला दोन, तिखटाला तीन. पोचा आलेलं भांडं मी जन्मात गिऱ्हाइकापुढे ठेवलेलं नाही. आधी भडकलो, मग सौद्यावर आलो. सहा डबे तरी सोड म्हटलं. "बरं," ती म्हणाली. तोवर सातवा ठोकून झाला होता.

फळ्या तिनं साऱ्या ताईच्या हाताशी लावल्या. माझ्या सामानाला एखादी मिळावी म्हणून तिथंही घासाघीस केली. हाती लागली एक खुंटी. माझी पक्कड कुठे ठेवली विचारलं तर म्हणे, "तुमचे डोळे साबूत हायेत न? शोधा." ती अजून सापडलेली नाही.

तिसऱ्या दिवशी जेवायला घरी आलो तर बायको चहा करत होती. डबा हातात फिरवला, अंगठा दोन पोच्यांवर थांबला. "साखर किती टाकू?" तिनं विचारलं. मी रागात काय बोलायला आलो होतो, तेच आठवेना. चिमूरचं नाव पुन्हा निघालं नाही.

मेहुणी आता गडचिरोलीकडे कुणाचं तरी घर उलटंपालटं करते आहे. डब्यांवरून मी फोनवर अजून भांडतो. "काऊन चिडून राह्यले भाऊजी, पक्कड नाई सापडली का?" एवढंच विचारते. मी खरंच चिडलोय का, हे मलाही सांगता येत नाही.

परवा बायकोला मेथीसाठी डबा हवा होता. उरलेल्या पाचांतला एक घेतला आणि दुकानातच बसून आठ पोचे पाडले. समोरचं गिऱ्हाईक म्हणालं, "पोचे हायेत, अर्ध्यात देता का?"

"विकायचा नाई."

घरी बायकोनं अंगठ्यानं पोचे मोजले. "हे तिचे नाई," ती म्हणाली. "तिचे एका रांगेत राह्यतात." आणि मला न विचारता डबा फळीवर ठेवून दिला.

मी टोपी खुंटीला अडकवली. त्या दिवशी मेहुणीला फोन करून भांडायचं राहूनच गेलं.