गिरीजचं सांदण आणि मी बंद केलेली गोळी

नाशिकहून पहाटे वसईला सुटलेली एसटी कामणच्या गोदामांपाशी ट्रकांच्या रांगेत अडकली, तेव्हा माझी पाण्याची दुसरी बाटलीही संपली होती. उजव्या हाताला तुंगारेश्वरचे डोंगर, समोर धूळ, आणि घशाला सारखी कोरड. उकाड्याने होत असेल, असं मी स्वतःला समजावलं.

वसईच्या स्टँडवर माझी मुलगी मृणाल उभी होती. हातात बर्फाचा डबा. मुंबईच्या एका प्रयोगशाळेत ती धान्यातल्या पेप्टाइडवर काम करते. तांदळातली प्रथिनं म्हणजे लांब साखळ्या. पीठ आंबलं की त्या तुटतात आणि लहान तुकडे सुटे होतात, तेच पेप्टाइड. लोखंडाला गंज चढावा तशी शरीरातल्या पेशींचीही झीज होते. यातले काही तुकडे ती झीज रोखतात, रक्तातली साखर आटोक्यात ठेवायलाही त्यांचा उपयोग होईल, अशी तिला आशा आहे. वसईजवळच्या गिरीज गावात अजून ताडीने पीठ फुगवतात, म्हणून तिला तिथला नमुना हवा होता आणि मला तिच्यासोबत एक दिवस.

ती हे सगळं फोनवर सांगायची. मी त्यातून स्वतःचं औषध ठरवून टाकलं. गेल्या महिन्यापासून माझी मधुमेहाची गोळी बंद होती. तिच्याऐवजी तांदळाच्या कोंड्याची भुकटी खात होतो. सुलभा, माझी बायको, रोज गोळी हातावर ठेवायची आणि मी ती बेसिनमध्ये टाकायचो. मृणालला यातलं काही ठाऊक नव्हतं. रिक्षात तिच्या शेजारी मी गुन्हेगारासारखा बसलो.

गिरीज मात्र बघत राहावं असं आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना वाड्या (बागायती), केळीची गर्द पानं, मधूनच नारळ, वळणावर फुलं वाहिलेला क्रूस. मृणालला नमुना देणार होत्या त्या रेजिना मावशींच्या ओट्यावर पाऊल ठेवलं आणि आंबूस, गोडसर वास आला. मोठ्या पातेल्यात तांदळाचं पीठ ताडी घालून फुगायला ठेवलं होतं. त्यावर मावशींनी बोटाने क्रूस काढलेला. पीठ वर आलं होतं तरी खूण पुसली नव्हती. त्याची सांदणं (वाफवलेल्या वड्या) होणार होती.

मृणालने बाटलीत पीठ भरून डब्यात ठेवलं. मावशींचे यजमान डॉमनिक काका, निवृत्त शिक्षक, मान हलवत म्हणाले, "बघा, आमच्या पिठाला मुंबईचं बोलावणं. मला कुणी विचारत नाही."

"तुम्हाला बर्फात घालून नेते का विचारा तिला," मावशी आतून म्हणाल्या. "मलाही जरा शांतता."

जेवणाला सांदण आणि मटणाचा रस्सा आला. त्याच टेबलापाशी बसून काकांनी सदरा वर केला आणि पोटाला इन्सुलिनची सुई टोचली. "सांदण सोडत नाही, सुईही सोडत नाही," ते म्हणाले. मग माझ्याकडे पाहिलं. "तुमचा हा तिसरा तांब्या. साखर आहे?"

"आहे, पण बाबा गोळी कधी चुकवत नाहीत," मृणाल कौतुकाने म्हणाली.

तिच्या त्या कौतुकापुढे मला खोटं पेलवेना. मी सगळं सांगून टाकलं.

काकांनी आपलं साखर मोजायचं यंत्र आणलं आणि माझ्या बोटातून थेंब काढला. आकडा बघून त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू गेलं.

"बाबा, मी हे काचेच्या नळीत बघते," मृणाल ओरडली. "माणसाला त्याचा किती उपयोग होतो, ते मलाच अजून माहीत नाही. आणि तुम्ही त्यावर गोळी सोडलीत?"

"ओरडू नको गं पोरी," मावशी म्हणाल्या. "आधी डॉक्टरला फोन लाव."

नाशिकच्या आमच्या डॉक्टरांनी भरपूर पाणी प्यायला आणि संध्याकाळी थेट दवाखान्यात यायला सांगितलं. मृणालने माझी पिशवी उचलली, मग बर्फाच्या डब्यातली बाटली काढून मावशींपुढे धरली. "हेही उकडून टाका. प्रयोगशाळेत आज पोचलं नाही तर उपयोग नाही."

"अगं, तू जा मुंबईला. मी जाईन एकटा," मी म्हणालो.

"तुम्ही काही बोलू नका."

परतीच्या बसमध्ये ती खिडकीबाहेर बघत राहिली. मला त्या घरातलं टेबल आठवत होतं. रस्सा, सांदण आणि सुई शेजारी शेजारी, आणि कुणालाच त्याची लाज नाही. वसईत मी किल्ला पाहिला नाही, समुद्र पाहिला नाही, पण इतकं मोकळं घर मी दुसरीकडे पाहिलं नाही. आजार लपवायचा असतो हे त्या लोकांना कुणी शिकवलेलंच नव्हतं. मी मात्र मुलीच्या मेहनतीचा आडोसा केला होता.

"आईला मी सांगू का?" खिडकीकडून वळून तिने विचारलं.

दवाखान्यातून घरी पोचलो. सुलभाने दार उघडलं, लेकीला अचानक पाहून तिचा चेहरा फुलला. मी चपलासुद्धा काढल्या नाहीत.

"सुलभा," मी म्हणालो, "तू दिलेल्या गोळ्या मी फेकत होतो."