बटणावरचा अंगठा

परवा माझी भाची रागाने लॅपटॉप मिटून स्वयंपाकघरात आली. कॉम्प्युटरमधलं काहीतरी साधं अडलं होतं तिचं, आणि जाणकारांच्या कुठल्याशा गटात तिने ते विचारलं होतं. उत्तरं भराभर आली. एकाने लिहिलं, विचारायच्या आधी शोधून बघायला काय झालं होतं. दुसऱ्याने लिहिलं, असले प्रश्न टाकून इथली जागा अडवू नका. तिसऱ्याने नुसतंच हसणारं तोंड टाकलं. अडलेलं कसं सोडवायचं ते मात्र कुणीच सांगितलं नव्हतं. "मावशी, ही माणसं आईच्या पोटातून सगळं शिकून आली का गं?" तिने विचारलं. मला हसू आलं, कारण ही मंडळी माझ्या चांगल्या ओळखीची. कॉम्प्युटर यायच्या आधीपासून मी त्यांना ओळखते. आमच्या वेळी ती हवेत राहायची.

ऐंशी सालाच्या आसपासची गोष्ट. मी कर्जतला शाळेत विज्ञान शिकवत होते आणि मला हौशी रेडिओचं वेड लागलं होतं. हा ऐकायचा रेडिओ नव्हे, बोलायचा. सरकारी परीक्षा द्यायची, परवाना मिळवायचा, संच बहुतेक वेळा स्वतःच जोडायचा, घरावर तार ताणायची आणि कधी न पाहिलेल्या माणसांशी गप्पा मारायच्या. शेजारणीला वाटलं मी कपडे वाळत घालायला एवढी उंच तार बांधली आहे. तिने एकदा गोधडी टाकायची परवानगीसुद्धा मागितली होती.

रोज सकाळी आठला आमची बैठक भरायची. ठाण्याचे एक निवृत्त काका हजेरी घ्यायचे, मग पुण्याचे, नाशिकचे, साताऱ्याचे लोक पाळीपाळीने बोलायचे. बायांमध्ये मी एकटीच. त्या बैठकीत एक रीत होती, ती मला अजून आवडते. कुणाचा आवाज अगदी क्षीण येत असला, की काका म्हणायचे, "बारीक आवाजाला आधी वाट." मग मोठमोठे संच बाळगणारे सगळे गप्प बसायचे आणि तो बारीक आवाज काय म्हणतोय ते कान देऊन ऐकायचे. पण ही सवलत आवाजाला होती, अकलेला नव्हती. आवाज बारीक असलेला चालायचा, प्रश्न बारीक असलेला चालायचा नाही. माझ्या पहिल्याच दिवशी मी विचारलं, जमिनीत जाणारी तार संचाला नेमकी कुठे जोडू? पुण्याचे एक इंजिनिअर होते, ते म्हणाले, "बाई, आधी पुस्तक वाचा, मग हवेत या." चार जण हसलेले मला स्पष्ट ऐकू आले. बैठक संपल्यावर काकांनी मला थांबवून सगळं नीट समजावून दिलं, नाहीतर मी त्याच दिवशी संच माळ्यावर टाकला असता. माझा राग तसा लवकर उतरत नाही.

त्यानंतर दोनेक वर्षांनी, पावसाळा सरल्यावर, एक नवा आवाज आला. बैठकीला पाच-दहा मिनिटं असतानाच तो सुरू व्हायचा. आपलं संकेतनाव सांगायचा, मग स्वतःचं पूर्ण नाव, आडनावासकट, आणि गाव सांगायचा. गाव कुंभिवलीच्या जवळचं, हमरस्त्याच्या आत. मग विचारायचा, "माझा आवाज येतोय का? काय चुकत आसंल तर कुनी सांगंल का?"

चुकत होतं ते एवढंच, की बोलून झाल्यावर तो बटण सोडत नव्हता. ह्या संचाचं गणित सरळ असतं. बटण दाबलं की बोलता येतं, पण ऐकू येत नाही. सोडलं की ऐकू येतं. हा माणूस प्रश्न विचारून बटण तसंच दाबून धरायचा आणि उत्तराची वाट बघत बसायचा. आम्ही इकडून घसा फोडून सांगतोय, अहो बटण सोडा, आणि त्याच्या कानावर अक्षर पडत नाही. वर त्याच्या संचाने आमची जागा अडवलेली, त्यामुळे आमचं आम्हालाही एकमेकांचं धड ऐकू यायचं नाही. बऱ्याच वेळाने तो थकून सगळा संचच बंद करायचा. त्याच्याकडे वीज नव्हती, ट्रकच्या जुन्या बॅटरीवर सगळं चालायचं, हे आम्हाला नंतर कळलं. बॅटरी वाचवायची म्हणून तो एक क्षणही जास्त चालू ठेवत नसे, आणि त्या एका क्षणात तर त्याला सांगता आलं असतं.

एक मात्र झालं. त्या दाबून धरलेल्या बटणामुळे त्याचं घर आमच्या सगळ्यांच्या घरात येऊ लागलं. कोंबडं आरवायचं, भांडी वाजायची, बायको शेळीला रागवायची. तिच्या बांगड्यांचा आवाज नाशिकपर्यंत जात होता आणि तिला त्याचा पत्ता नव्हता. पहिले दोन दिवस सगळ्यांना गंमत वाटली. मग वैताग आला. आले का आपले कोंबडेवाले, असं लोक म्हणू लागले. इंजिनिअरसाहेब म्हणाले, असल्यांना परीक्षेत पास करतं कोण? कुणी सुचवलं, आपण बैठक दुसऱ्या लहरीवर हलवू, त्याला बसू दे इथे एकट्याला. आणि खरंच हलवायचं ठरलं.

ठरलं त्याच्या दुसऱ्या दिवशी, शेवटचं म्हणून सगळे जुन्याच जागी जमले होते. तो नेहमीसारखा आधीच आलेला. नाव, आडनाव, गाव, प्रश्न. मग नेहमीची शांतता आणि त्यात त्याचं घर. आम्ही कंटाळून ऐकत होतो. तेवढ्यात बायकोचा आवाज आला, अगदी जवळून. बहुतेक ती चहा घेऊन आली असावी.

"कोन बोललं का?"

"नाय गं."

थोडा वेळ नुसती खरखर. मग ती हळू आवाजात म्हणाली, "तुमी आडनाव सांगितलंत ना. मंग कोन बोलंल आपल्याशी? नुसतं गाव सांगायचं व्हतं."

त्याने कप खाली ठेवल्याचं ऐकू आलं. मग म्हणाला, "मला वाटलं, हवेत तरी तसं नसंल. उद्या खोलून ठिवतो सगळं. बॅटरी तेवढी इकून टाकू." आणि संच बंद झाला.

जागा मोकळी झाली होती. आता कुणीही बोलू शकत होतं, पण कुणी बोलेना. त्यांचं आडनाव आम्ही सगळ्यांनी रोज ऐकलं होतं. आमच्याकडे ते कुणाचं असतं आणि छपन्न सालानंतर त्या घरांनी काय सोडलं नि काय धरलं, हे कुणाला समजावून सांगायची गरज नव्हती. शेवटी इंजिनिअरसाहेबच बोलले. आपल्या मनात तसलं काही नव्हतं, बटण त्याला सोडता येत नाही ह्यात आपली काय चूक, असं काहीतरी. माझं डोकंच फिरलं. मी म्हटलं, तुम्ही नाव ऐकून गप्प बसलात की प्रश्न ऐकून हसलात, पलीकडे त्या माणसाला सारखंच ऐकू येतं, म्हणजे काहीच ऐकू येत नाही. उद्यापासून तर आपण खरोखरच त्याला टाकून जाणार होतो. काकांनी एवढंच विचारलं, "तिथून सगळ्यात जवळ कोण आहे?" मीच होते.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. बैठकीतल्या सगळ्यांना मी सांगून ठेवलं, आठच्या आधीच जुन्या जागेवर बसा आणि त्याने बटण सोडेपर्यंत तोंड बंद ठेवा. पहिली एसटी पकडून खोपोलीच्या शिळफाट्याला उतरले, तिथून भाजीच्या टेंपोत ड्रायव्हरशेजारी बसून कुंभिवली गाठली. पुढे बांधाबांधाने चालत गेले. भात कापणीला आलं होतं. घर शोधावं लागलं नाही. बुद्धपौर्णिमेला ज्या बांबूवर पंचशीलाचा झेंडा चढतो, त्याच बांबूवर तार ताणलेली लांबूनच दिसत होती. अजून खाली उतरवली नव्हती हे पाहून माझा जीव भांड्यात पडला.

दारात ती होती. शेळीचं दावं हातात घेऊन मला आपादमस्तक बघत होती. शहरी चपला, खांद्याला पर्स, सकाळी सकाळी कोण ही बाई? मी आत डोकावून म्हटलं, "आहेत का घरात?"

आतून लगेच आवाज आला, "कर्जतच्या ताई?"

मी उंबऱ्यावरच थांबले. परवान्याच्या आधी वर्षभर तो साध्या ऐकायच्या रेडिओवर आमचं बोलणं नुसतं ऐकत बसायचा, त्यामुळे आम्हा प्रत्येकाचा आवाज त्याला पाठ होता. खाटेवर एक पाय लांब करून बसला होता, पन्नाशीचा, अंगात कारखान्याचा जुना खाकी शर्ट. रसायनीच्या एका कारखान्यात पंपावर होता, पायाने अधू झाल्यावर घरी बसला. समोर फळीवर संच होता, त्याचं झाकण काढलेलं, आणि पेचकस बाजूला ठेवलेला.

मी सांगून टाकलं. म्हटलं, तुमचा आवाज येतो. पहिल्या दिवसापासून येतो, खणखणीत येतो, ठाण्यापासून साताऱ्यापर्यंत. आम्ही उत्तरं देत होतो, तुम्हाला ती ऐकू येत नव्हती, कारण तुम्ही बटण धरून ठेवता. तो माझ्याकडे बघत राहिला. मग हळूहळू त्याच्या चेहऱ्यावर काहीतरी उमटायला लागलं, आणि आता तो काय विचारणार हे मला कळलं.

"म्हंजे घरातलं समदं...?"

"हो," मी म्हटलं. "कालचंसुद्धा."

दारात उभी असलेली त्याची बायको पदर तोंडावर धरून मागे सरली. मी तिला म्हटलं, वहिनी, तुम्ही चुकीचं काही बोलला नाहीत, मी तुमच्या जागी असते तर हेच बोलले असते. ती पाठ फिरवून चुलीकडे गेली. पण चहा ठेवला तिने, आणि कप माझ्या हातात देताना क्षणभर थांबून माझ्याकडे बघितलं. मी लगेच पहिला घोट घेतला. चहा भलताच गरम होता, जीभ पोळली, तरी घेतला.

मग मी त्याला विचारलं की बटण धरून का ठेवता? त्याला माझ्या प्रश्नाचंच नवल वाटलं. त्याच्या कारखान्यात टाक्यांपाशी एक माणूस असायचा आणि पंपावर एक, दोघांच्या मध्ये घंटी. पंप सुरू करायच्या आधी घंटी दाबायची आणि पलीकडून उलट घंटी येईपर्यंत दाबून धरायची. "हात काढला का त्याचा अर्थ, थांब, माल सोडू नको. मानूस मरंल तिकडं. उत्तर आल्याबिगर हात काढायचा नाय, हे पयल्या दिवशी शिकवलं आमाला." वीस-बावीस वर्षं त्याचा अंगठा हेच करत आला होता. पुस्तकात कुठे लिहिलेलं नव्हतं की हवेत त्याच्या उलट असतं. पुस्तक लिहिणाऱ्याला कुणी असा माणूस भेटलाच नसणार.

झाकण लावलं, बॅटरीच्या तारा जोडल्या. आठला थोडा वेळ होता. त्याने बटण दाबलं आणि संकेतनाव सांगितलं. मग थांबला. बायकोकडे बघितलं. ती चुलीपाशीच उभी होती. तिने मान खाली घातली, मग वर केली. त्याने पूर्ण नाव सांगितलं, आडनावासकट, आणि गाव सांगितलं. "माझा आवाज येतोय का?"

"आता सोडा," मी म्हटलं.

त्याला सोडवेना. खरंच सांगते, तो प्रयत्न करत होता आणि अंगठा हलत नव्हता. "सोडला आन् कुनीच नाय बोललं तर?" तो पुटपुटला. हे सगळं हवेत जात होतं, आणि मी सांगून ठेवल्याप्रमाणे तिकडे सगळे गप्प बसून ऐकत होते. मी हात पुढे करणार तोच ती चुलीपासून पुढे आली. पदराला हात पुसले, त्याचा अंगठा दोन बोटांत धरला आणि बटणावरून उचलला.

खरखर झाली. मग ठाण्याचा आवाज आला, म्हातारा, सावकाश, नेहमीसारखा. "नव्या आवाजाला आधी वाट." आणि काकांनी त्याचं पूर्ण नाव घेतलं, आडनावासकट, नावाला राव लावून. म्हणाले, आवाज उत्तम येतो आहे, बैठकीत तुमचं स्वागत. त्यांच्यामागून नाशिकने घेतलं, पूर्ण नाव, आडनावासकट. मग साताऱ्याने. मग पुण्याचे इंजिनिअरसाहेब आले. त्यांनीही पूर्ण नाव घेतलं, आणि पुढे विचारलं, "तुमच्या कोंबड्याची तब्येत बरी आहे ना?" हे मी काही त्यांना सांगून ठेवलं नव्हतं.

मला वाटलं होतं तो रडेल. तो रडला नाही. ती रडत होती, उभ्या उभ्या, त्याचा अंगठा अजून तसाच हातात धरून. शेवटी सगळ्यांचं बोलून झालं आणि सगळे त्याची वाट बघत थांबले. मी म्हटलं, आता दाबा बटण, बोला. तिने त्याच्या हाताला हलवलं. "अवो, बोला की. थांबलीत माणसं."

त्याने मान हलवली. डोळे संचावरून काढले नाहीत.

"थांब गं," तो म्हणाला. "जरा ऐकू दे."